दस्तावरचे नाव : कुंभारीच्या महिला विडी कामगार गृहनिर्माण संस्थेचा पूर्वेतिहास आणि वाटचाल

सहकार खात्याच्या दफ्तरात नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थांची नावे बहुधा एखाद्या देवतेची, एखाद्या पुढाऱ्याची अथवा एखाद्या फुलझाडाची असतात, आणि त्या नावांवरून आत कोण राहते, काय करून पोट भरते, घराची धनी स्त्री आहे की पुरुष, यांपैकी कशाचाच बोध होत नाही. सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी गावच्या शिवारात दहा हजार घरांची जी वसाहत उभी आहे, तिच्या संस्थेचे नाव या रीतीस अपवाद आहे. ‘कॉम्रेड गोदावरी परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था’ हे नाव लांब खरे. परंतु त्यातील एकही शब्द वगळण्याजोगा नाही. सभासद कोण, तिचा धंदा कोणता, ती मजूर आहे की घरबसल्या हातभार लावणारी बाई आहे, घर तिने कोणाच्या मेहेरबानीने घेतले की दहाजणींच्या सहकाराने, आणि ते घेताना कोणाचे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवले, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या एका नावात आहेत.

हा इतिहास लिहिण्याचा पहिला अधिकार वस्तुतः त्या वसाहतीतील एखाद्या ज्येष्ठ सभासद स्त्रीचा. प्रस्तुत लेखिकेचे दिवस गेले ते शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पुणे रस्त्यावर कोंडी ओलांडल्यानंतर लागणाऱ्या चिंचोळी एमआयडीसीत, एका कारखान्याच्या कचेरीत हजेरीपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीचे अर्ज सांभाळण्यात. तथापि या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते त्या अर्जांनीच. नव्याने कामावर लागणाऱ्या मुलींच्या कागदांत, कायमच्या पत्त्याच्या रकान्यात, ‘विडी घरकुल, कुंभारी’ हे शब्द पुनःपुन्हा येत. आणि वारसाच्या रकान्यात, जेथे अविवाहित मुलगी बहुधा विचार न करता वडिलांचे नाव लिहिते, तेथे यांतील कित्येकजणी आईचे नाव लिहीत. एकीला मी सहज विचारले, ‘‘वडील आहेत ना तुझे? मग त्यांचं नाव का नाही?’’ तिने पेनचे टोपण लावले आणि म्हणाली, ‘‘घर अम्माच्या नावावर आहे ना मॅडम, मग पैसे पण तिच्याच नावावर राहू द्या.’’ त्या मुलीच्या बोलण्यात बंडाचा लवलेश नव्हता. जगाची रीतच अशी आहे असे समजून ती बोलत होती. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या घराचा उतारा पुरुषाच्या नावे निघत आला, त्या समाजातील वीस वर्षांच्या मुलीला ही गोष्ट इतकी साधी वाटावी, यामागे काय काय घडून गेले असेल, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात राहिला.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर विडीच्या आधी मागाकडे जावे लागते. सोलापूरच्या पूर्व भागात जी तेलुगू भाषा कानी पडते ती येथे आणली तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. निजामाच्या मुलुखातील दुष्काळ, गावोगावच्या हातमागांना उतरती कळा आणि सोलापूरच्या बाजारपेठेचे आकर्षण अशा निरनिराळ्या कारणांनी एकोणिसाव्या शतकात ही कुटुंबे येथे येत गेली. मार्कंडेय ऋषींचे आपण वंशज, त्यांचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, ही या समाजाची श्रद्धा; नारळी पौर्णिमेस निघणारा मार्कंडेयांचा रथ आजही अवघ्या शहराची वाहतूक थांबवितो. या विणकराच्या घरात माग हा घराचाच एक अवयव होता. पुरुष खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकी, स्त्री कांड्या भरी, ताणा करण्यास हात लावी, खळ शिजवी. आणि जरी विकलेल्या कापडाचा पैसा पुरुषाच्याच हाती येत असला, तरी तिच्या कांडीवाचून धोटा चालत नाही, ही जाणीव घरात सर्वांनाच होती.

वीज आली, हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, आणि माग घरातून उठून कारखान्याच्या छपराखाली गेला. पुरुष त्याच्यामागे गेला. स्त्री मात्र घरीच राहिली. घरंदाज बाईने परक्या छपराखाली, परक्या पुरुषांच्या पाळीत उभे राहू नये ही समजूत एवढी घट्ट होती की पोटाची निकड असूनही ती मोडावयास फारशी कोणी धजली नाही. अशा वेळी तिला विडीच्या धंद्याने गाठले. विडीस यंत्र लागत नाही, पाळी लागत नाही, जागाही लागत नाही; कारखान्यातून पाला, तंबाखू आणि दोरा मोजून घ्यावा, घरी विड्या वळाव्यात, आणि मोजून परत कराव्यात. ही सोय परंपरेस मानवली आणि कारखानदारास तर दुप्पट मानवली, कारण बायकांच्या घरांचे भाडे, दिवा, पाणी आणि मुलांचे हात हे सारे त्याला फुकट मिळाले. रूढीचा आणि भांडवलाचा असा गुप्त समेट ज्या ज्या ठिकाणी होतो, त्या त्या ठिकाणी स्त्रीचे श्रम कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सिन्नर असो, निपाणी असो वा सोलापूर असो, विडीचा धंदा या समेटावरच उभा राहिला.

विडी वळणारी बाई ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांना हे काम हलके वाटते. आदल्या रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाची. सकाळी ती एकेक घेऊन पत्र्याच्या फर्म्यावर धरून कात्रीने बेतावयाची, शीर येईल ती कडा काढून टाकावयाची. मग पाय पसरून मांडीवर सूप घ्यावयाचे. त्या सुपात एका बाजूस बेतलेली पाने, मध्ये तंबाखूचा ढीग, कडेला दोऱ्याचे रीळ. डाव्या हाताच्या बोटांवर पान, त्यावर उजव्या चिमटीने तंबाखू, अंगठ्याच्या एका फिरकीत गुंडाळी, नखाने वा लोखंडी सळईने तोंड मुडपणे, आणि दोऱ्याचे दोन वेढे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा; आणि मजुरी हजारामागे. दिवसातून ही फिरकी हजार वेळा फिरवावयाची, आणि त्याच दिवसात पाणी भरावयाचे, स्वयंपाक करावयाचा, रडते मूल थोपटावयाचे. संध्याकाळी कारखान्यात माल तपासला जाई तेव्हा सैल, आखूड वा फाटक्या म्हणून ज्या विड्या बाजूस टाकल्या जात, त्या छाटाची मजुरी मिळत नसे. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध बाईच्या उजव्या अंगठ्यावरची रेषा पुसून गेलेली आहे. ओळखपत्रासाठी यंत्रावर तिने बोट ठेवले तेव्हा ठसा उमटला नाही. ती दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे करीत म्हणाली, ‘‘हा घे बाबा, हा राहिलाय अजून.’’ तंबाखूची पूड श्वासावाटे आत जाते, खोकला जडतो, पाठ वाकते. आणि हे सर्व ज्या खोलीत घडते त्याच खोलीत मुले झोपतात, हे तर सांगावयासच नको.

अशा स्त्रीला ‘कामगार’ हा शब्द मिळण्यास स्वातंत्र्योत्तर भारतातही एकोणीस वर्षे लागली. कारखाना तिचा नाही, पाळी नाही, हजेरी नाही. मग ती कामगार कशी, असा मालकपक्षाचा सवाल असे. संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा जो कायदा केला त्यात, मालकाने कच्चा माल दिला व बाईने घरी विडी वळली तरी ती कायद्याने कामगारच, असे व्याख्येतच नमूद झाले. त्या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. मंगळूर गणेश विडी वर्क्सच्या खटल्यात न्यायालयाने १९७४ साली कायदा वैध ठरविला. त्यापाठोपाठ १९७६ साली विडीवरील उपकरातून कामगार कल्याण निधी उभारण्याचे कायदे झाले. या कलमांची भाषा रूक्ष आहे. पण ज्या बाईला तिच्या घरातलेही ‘रिकाम्या वेळात विड्या वळते’ असे म्हणत, तिला ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी आणि घरासाठी अर्ज करण्याचा हक्क मिळाला तो या रूक्ष कलमांतूनच. हक्क कागदावर आला म्हणून पदरात पडला असे मात्र नव्हे. ओळखपत्रासाठी मोर्चे निघाले, निधीच्या हप्त्यांसाठी कचेऱ्यांसमोर धरणी झाली, आणि लाल बावट्याच्या विडी कामगार युनियनने या बायकांना रस्त्यावर आणले. डोक्यावरचा पदर सांभाळीत, तेलुगूत घोषणा देत ज्या बायका जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत चालत गेल्या, त्यांनी परक्या छपराखाली जाऊ नये ही रूढी वादविवाद न करता मोडली, कारण रस्त्याला छप्परच नव्हते.

युनियनचे नेते नरसय्या आडम हे या चळवळीतील सर्वांत परिचित नाव. सोलापूरकर त्यांना आडम मास्तर म्हणतात; त्यांनी तीन वेळा विधानसभेत सोलापूरचे प्रतिनिधित्व केले. घरकुलाचा प्रश्न त्यांनी लावून धरला त्याचे कारण पूर्व भागातील पेठांत पाऊल टाकताच समजावयाचे. एकेका खोलीत एकेक कुटुंब, तीच खोली रात्री शयनगृह आणि दिवसा विडीचा कारखाना. पावसाळ्यात पाला सुकावयास जागा नाही, आणि भाडे थकले की घरमालकाचा तगादा. ज्या स्त्रीचा सारा रोजगार त्या चार भिंतींत होता, तिचे घर सुटणे म्हणजे कामही सुटणे होय. म्हणूनच या बायकांनी घर मागितले ते केवळ डोक्यावर छप्पर हवे म्हणून नव्हे. कामाची जागा आपल्या हक्काची असावी, ही मागणी त्यात दडलेली होती.

संस्थेस गोदावरी परुळेकरांचे नाव देण्यात जे औचित्य आहे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हल्लीच्या मुलींना ते नाव केवळ पत्त्यातले म्हणून ठाऊक आहे. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले घराण्यातील. जन्म १९०७ चा. वडील नामांकित वकील, घरात विद्येची व सुधारणेची परंपरा. त्या स्वतः कायद्याच्या पदवीधर झाल्या आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या. पुढे शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला. एखादी स्त्री एवढ्यावर कृतार्थ झाली असती. परंतु १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची वेठबिगार पाहून त्या जंगलात गेल्या आणि तेथेच राहिल्या, वारल्यांची भाषा शिकल्या, त्यांच्या झोपडीत निजल्या, भूमिगत झाल्या, तुरुंगात गेल्या. त्या अनुभवावरील ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९९६ साली त्यांचे निधन झाले. वारल्यांना जागे करताना त्यांचे नृत्य, त्यांची गाणी, त्यांचे देव यांना गोदावरीबाईंनी कधी हीन लेखले नाही. वेठ आणि सावकाराचे लग्नकर्ज मात्र त्यांनी क्षणभरही सहन केले नाही. वारशातील जपण्याजोगे कोणते आणि फेकण्याजोगे कोणते, याचा निवाडा बाहेरून जाऊन करता येत नाही, आत राहून करावा लागतो. कुंभारीच्या बायकांनी हा निवाडा आपापल्या घरात कसा केला ते पाहिले म्हणजे हे नाव त्या वसाहतीस किती शोभते हे ध्यानी येते.

आता हिशेबाकडे वळू. एका घराची किंमत साठ हजार रुपये धरली गेली. त्यांपैकी वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्य सरकारचे आणि वीस हजार सभासद स्त्रीचे. दहा हजार घरांचा हिशेब केला तर बायकांचा वाटा वीस कोटी रुपये होतो. सरकारी अनुदानाच्या योजनांत लाभार्थी हा शब्द इतक्या सढळपणे वापरला जातो की घेणाऱ्याने काही दिले आहे हे विसरले जाते. म्हणून हा आकडा मी मुद्दाम येथे नोंदवीत आहे. हजारामागे मिळणाऱ्या मजुरीतून जमलेले ते वीस कोटी, म्हणजे किती विड्या, किती कट्टे, किती वेळा फिरलेला अंगठा, याचा हिशेब कोणी मांडला नाही. घरात लेकीचे लग्न, नवऱ्याचे आजारपण, दिवाळी, आणि त्या सर्वांतून बाजूस काढलेला हप्ता! पैसा साठविण्याची ही विद्या तिला कोणत्याही बँकेने शिकविली नव्हती. ती तिच्या आईकडून, भिशीच्या वर्तुळातून आणि पिठाच्या डब्यातील पुरचुंडीतून आलेली होती. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचा ताबा देण्यात आला, तेव्हा सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांच्या जीवनात एक दिवस असा उगवला की कारखान्याची पायरी न चढता त्यांना स्वतःच्या नावाने हाक मारली गेली.

घराच्या कागदावर स्त्रीचे नाव येणे ही गोष्ट किती मोठी आहे, हे समजण्यास थोडे मागे पाहिले पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीस तिच्या मालमत्तेची संपूर्ण धनीण मानले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सर्व देशाने २००५ साली मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. परंतु ज्या घरात वडिलोपार्जित म्हणून एक मोडका माग आणि चार भांडी होती, त्या घरच्या मुलीस समान वाटणीचा कायदा काय देणार? शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेऊन शेतकऱ्यांना आपल्या पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले, ते थोर होते; पण तेथेही देणारा पतीच होता. बांगलादेशात ग्रामीण बँकेने घरासाठी कर्ज देताना जागा बाईच्या नावे असली पाहिजे अशी अट घातली, कारण तलाकाच्या एका शब्दाने घराबाहेर काढल्या जाणाऱ्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या होत्या. त्या गृहयोजनेस १९८९ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ उभारली तीही घरी बसून काम करणाऱ्या आणि रस्त्यावर विकणाऱ्या बायकांसाठीच. या सर्व प्रयत्नांच्या रांगेत कुंभारीचे स्थान मला वेगळे वाटते ते अशासाठी, की येथे स्त्रीचे नाव दस्तावर आले ते पतीने दिले म्हणून नव्हे आणि बँकेने अट घातली म्हणूनही नव्हे. ती स्वतः सभासद होती म्हणून आले. मालकी कष्टाने आली आणि संघटनेने आली.

त्याचा घरातल्या वागणुकीवर काय परिणाम झाला? मी जे पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगते. दारू पिऊन येणारा नवरा पूर्वी बायकोस ‘चल नीघ माझ्या घरातून’ म्हणे. त्या वाक्यातील ‘माझ्या’ हा शब्द कुंभारीत लटका ठरला. नवरा सुधारला असे नव्हे, दारू सुटली असेही नव्हे. पण घराबाहेर बसण्याची पाळी कोणावर यावी याचा निर्णय आता तिच्या हाती आला. सासू सभासद असेल तर सून तिच्या छत्राखाली आली, आणि हे छत्र दर वेळी मायेचे होते असे म्हणता येणार नाही. स्त्रीच्या हाती सत्ता आली म्हणून ती सत्ता मृदू होते असा अनुभव नाही. मुलीचे लग्न लवकर उरकण्याची घाई, हुंड्याच्या नव्या नव्या तऱ्हा, मुलाच्या शिक्षणास पैसा आणि मुलीच्या शिक्षणास ‘बघू’, ही वारशाची जी काळी बाजू, ती नव्या घरातही बरोबर आली. तिच्याविषयी सौम्य लिहिणे मला जमत नाही.

परंतु वारशाची दुसरी बाजूही बरोबर आली, आणि तिने या दूरच्या माळावरील वसाहतीस गाव बनविले. घरात तेलुगू, दारात मराठी, बाजारात दोन्हींबरोबर कन्नड आणि दखनी, अशी चार भाषांतील ये-जा ही सोलापूरच्या बाईस जन्मतःच अवगत असते. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बतुकम्मा मांडली जाते, तेव्हा ताटात फुलांचे थरावर थर रचून उंच मनोरा करतात, त्यात तरवडाची पिवळी फुले, कुर्डूचे तुरे, झेंडू. संध्याकाळी त्या मनोऱ्याभोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात, आणि शेवटी फुलांचे ते शिखर पाण्यात सोडतात. आमच्या मराठी घरांतील भोंडला याच दिवसांतला, आणि दोहोंत फेर आहे, माहेर आहे, सासरचे गाऱ्हाणे आहे. पेठेतील अरुंद बोळांत फेर धरण्यास जागा नसे. कुंभारीत प्रत्येकीच्या दारापुढे अंगण आले, आणि फेर मोठा झाला. ज्या बायकांनी मोर्चात घोषणा दिल्या त्याच या फेरात गातात. आणि घोषणांतील आवाज व गाण्यातील आवाज वेगळा काढता येत नाही, असे मला तो फेर पाहताना वाटले. माहेर-सासर यांखेरीज तिसरे घर, स्वतःचे, हा विषय त्या गाण्यांत पूर्वी कधी नव्हता. कोणी तो आता घातला आहे की काय हे विचारावयाचे माझे राहून गेले.

इकडे विडीच्या धंद्यास उतार लागला आहे. २००८ साली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आली, २०१६ साली वेष्टणाच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचे चित्र छापणे सक्तीचे झाले, आणि नव्या पिढीतील मुलींनी सुपाकडे पाठ फिरविली. तंबाखू हे विष आहे. ते ओढणाऱ्यास जसे घातक तसे वळणारीसही, त्यामुळे धंदा मिटतो याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. काळजी वाटते ती पन्नाशी ओलांडलेल्या त्या स्त्रियांची, ज्यांच्या बोटांना दुसरे काम ठाऊक नाही. दरम्यान कुंभारीच्याच शिवारात असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना उभी राहत आहे. तिचे भूमिपूजन ९ जानेवारी २०१९ रोजी झाले, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. तिचा इतिहास पुढे कोणीतरी स्वतंत्रपणे लिहील.

मुली मात्र घराबाहेर पडल्या. शहरातील गणवेशांच्या शिलाई कारखान्यांत, दुकानांत, रुग्णालयांत, आणि त्यांतील काहीजणी शहर ओलांडून आमच्या चिंचोळीत. पहाटे कुंभारीहून निघून, अक्कलकोट रस्त्याने शहरात शिरून, आजीच्या वेळच्या पेठा डाव्या-उजव्या हातास टाकीत पुणे नाक्यावर यावयाचे. तेथून बाळ्याच्या खंडोबाचे शिखर, मग केगाव येथे अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणारे विद्यापीठ, मग कोंडी, आणि पुढे आमचे फाटक. महेश्वरात विणकर वसवून त्यांच्या हातास काम देणाऱ्या त्या राणीच्या नावाच्या पाटीवरून विणकरांच्या या नाती रोज दोनदा जातात. आजीने परक्या छपराखाली जावयाचे नाही म्हणून मान खाली घालून सूप मांडीवर घेतले. आई त्याच सुपाच्या कमाईवर छपराची धनीण झाली. आणि नात परक्या छपराखाली ताठ मानेने उभी राहून यंत्र चालविते, कारण मागे आपले छप्पर आहे हे तिला माहीत आहे. स्त्रियांना रात्रपाळीस १९४८ च्या कारखाना अधिनियमाने मज्जाव होता. महाराष्ट्राने २०१५ साली सुरक्षिततेच्या अटींवर तो उठविला, तेव्हा आमच्या कचेरीत संमतिपत्रे भरून घेण्याचे काम माझ्याकडे आले. काहीजणींनी तेथेच सही केली. काहीजणी ‘अम्माला विचारून सांगते’ म्हणाल्या. आमच्यातील एक तरुण अधिकारी त्यावर म्हणाला की मुली शिकल्या तरी स्वतः निर्णय घेत नाहीत. मला ते पटले नाही, आणि मी तसे त्याला सांगितले. ज्या बाईने वीस हजार रुपये विडी विडी करून भरले तिचा सल्ला घेणे म्हणजे पारतंत्र्य, असे मानणारा माणूस स्वातंत्र्य म्हणजे एकटेपणा समजतो.

गेल्या नवरात्रात संध्याकाळची पाळी सुटताना मी फाटकाजवळ उभी होते. एमआयडीसीतील जे भूखंड अद्याप मोकळे आहेत, त्यांवर पावसानंतर तरवड माजतो. आम्ही त्याला झुडूप म्हणून वर्षभर कापीत असतो. कारखान्याची गाडी सुटावयास दहा मिनिटे होती. कुंभारीच्या दोघी मुली, अंगावर कारखान्याचाच निळा डगला, पायात सुरक्षेचे जड बूट, कुंपणाच्या तारेखालून वाकून पलीकडे गेल्या आणि पिवळ्या फुलांचे तुरे मोडून डब्याच्या पिशवीत भरू लागल्या. रखवालदाराने हटकले, ‘‘काय गं पोरींनो, तिकडं साप असतात.’’ त्यांतील थोरली तंगेडु, तंगेडु असे काहीसे आपल्या भाषेत धाकटीला म्हणाली, मग वळून त्याला मराठीत म्हणाली, ‘‘काका, दोनच मिनिटं. शहरात हे फूल पन्नास रुपयाला वाटा देतात.’’ गाडीने भोंगा दिला. पिशवीच्या तोंडातून बाहेर आलेले तुरे हाताने दाबीत त्या धावत आल्या, आणि गाडीत चढल्यावर खिडकीजवळची जागा त्या फुलांना मिळाली.